प्राध्यापकाकडून त्रास होत असेल तर थेट पोलिसांतच जावं लागतं का?

मैत्रिणीला विभागातल्याच सरांकडून लैंगिक त्रास होतोय, म्हणून विचारलंय ना? पोलिसांत जायचं की नाही हे तिनं ठरवायचं. विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी अर्ज देता येतो. कारण पटलं तर समिती मुदत वाढवते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर 'या सरांनी माझे पेपर तपासू नयेत' असंही मागता येतं, हे मुलींना कुणी सांगतच नाही! 'मिटवून टाक' म्हणणाऱ्यांना भीक घालू नका. समेट फक्त तिनं मागितला तरच. सरांचे मेसेज डिलीट करू नका, तो पुरावा असतो.

बलात्कार झाला असेल तर आधी दवाखाना गाठा. खासगी रुग्णालयालाही मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न पाहता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो. महिला हेल्पलाइन १८१.