तुरुंगातून सुटणाऱ्या भावाला काम शिकण्यासाठी सरकार पैसे देतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ चार महिन्यांनी गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातून सुटतोय, आणि त्याला एखादं काम शिकायला सरकारी पैसे मिळतात का, कुठे अर्ज करायचा. माझं म्हापशाकडे फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. तुरुंगात वेल्डिंग शिकलेला एक मुलगा माझ्याकडे कामाला आहे. त्याच्यासाठी दाखले गोळा करत मी जे हिंडलो, त्यावरून सांगतो.

पैसे आहेत, पण ते भावाच्या हातात पडणार नाहीत. ते शिकवणाऱ्या केंद्राला जातात. 2015 पासूनची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना अशीच चालते: शिकणाऱ्याला फी नाही, केंद्राला सरकार देतं. ज्याला काम आधीच येतं त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायचीही त्यात सोय आहे. शाळा अर्धवट सुटली असेल तर जनशिक्षण संस्थानात चौकशी करा. ते गोव्यातही आहे, आणि साधारण 15 ते 45 वयाच्या, फार न शिकलेल्या लोकांसाठीच आहे. तुरुंग हा विषय राज्याचा, त्यामुळे आत कुठला वर्ग कधी लागतो हे तिथल्या तिथे ठरतं. पुढच्या भेटीत तेवढं विचाराच.

सुटायची तारीख ठरलीय म्हणजे तो शिक्षा झालेला असणार. प्रशिक्षणापुरतं ते सोपं (बरं म्हणायला जीभ वळत नाही). देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले, असतात. त्यांना काम सक्तीचं नसतं, आणि वर्गात नाव घातलं तरी मधेच जामीन झाला की वर्ग सुटतो.

आता खरी अडचण. माझ्याकडच्या त्या कामगार मुलाकडे प्रमाणपत्र होतं, हात चांगला होता, आणि तरी पहिले दोन महिने त्याचं कुठेच नाव लागेना. कारण मोबाईल नंबर. आत असताना सिम बंद पडलं, कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला, आणि आधारला मात्र तोच जुना जोडलेला. प्रशिक्षणाची नोंदणी करा, बँकेत जा, कुठलाही फॉर्म भरा, ओटीपी जायचा कुणा अनोळखी माणसाकडे. एकदा आम्ही त्या नंबरावर फोन करून बघितला. पलीकडच्या बाईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तिची तरी काय चूक! शेवटी आधार केंद्रात अंगठा देऊन नवा नंबर जोडला, तेव्हा गाडी पुढे सरकली. बँकेचं खातंही झोपलेलं होतं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, मग केवायसी पुन्हा. म्हणून भावाचं सिम अजून जिवंत असेल तर आजच रिचार्ज करा. पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याला लागणारे घरचे कागदही आताच एका पिशवीत घालून ठेवा, राज्य सरकारच्या बहुतेक योजनांना तो मागतात.

कागद झाले तरी माणसाला रुळायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी सहा वाजता हा मुलगा चिपिंग हातोडे, होल्डर, ग्राइंडर सगळं टेबलावर ओळीने मांडून उभा. मला कळेना. म्हणाला, "मोजून घ्या, शेठ." तुरुंगाच्या कारखान्यात हत्यारं मोजून झाल्याशिवाय कुणाला हलू देत नाहीत. बाकीची पोरं हसली. मी मोजली. दुसऱ्या दिवशीही मोजली. आता स्टोअरची चावी त्याच्याकडेच असते, आणि वर्षानुवर्षं हरवणारे माझे स्पॅनर हरवायचे थांबलेत.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर वेगळे पैसे आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाचे दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 आणि पहिलं एक लाखाचं कर्ज 5 टक्क्यांनी मिळतं. पण त्यात 18 ठरावीक कामंच आहेत. लोहार, सुतार, गवंडी, शिंपी, न्हावी आहेत, वेल्डर नाही. आणि गावात अर्जाची पहिली पडताळणी पंचायतीत होते, म्हणजे सगळ्या गावासमोर. सरपंचांना तुम्ही आधीच जाऊन भेटलात तर भावाला तिथे खाली मान घालून उभं राहावं लागणार नाही. छोट्या धंद्यासाठीच्या मुद्रा योजनेचं शिशू कर्ज 50,000 पर्यंत, तारण नाही. शेजारी महाराष्ट्रात येरवड्याच्या तुरुंगात 2022 मध्ये तिथल्या राज्य सहकारी बँकेने कैद्यांना आत असतानाच 7 टक्क्यांनी 50,000 पर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली, 'जिव्हाळा' नावाने. तसं काही आपल्याकडे निघालं तर मी टाळ्या वाजवीन. सुटल्यावर वर्ग मिळतो, पण वर्गाच्या काळात घरी तांदूळ कोण आणणार, याला विश्वकर्माचे ते दिवसाचे 500 सोडले तर कुठल्याच योजनेत रकाना दिसला नाही. तेवढे महिने तुम्हालाच काढावे लागतील, हे मनात धरून ठेवा.

भावाला आज काय काम येतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. वेल्डिंगचा थोडा जरी हात असेल तर चवथीच्या आधी ग्रिल-गेटची कामं एकदम येतात, तेव्हा म्हापसा-थिवी पट्ट्यात माणसं कमीच पडतात. सरळ वर्कशॉपात जायचं, एक रॉड ओढून दाखवायचा. कुठून आलास हे विचारतीलच. खरं सांगू दे. माझ्याकडच्या मुलाने आधी दोन ठिकाणी लपवलं होतं, आणि दोन्हीकडून आठवड्यात काढलं.