वाचकांचे प्रश्न : नव्या मैदानातल्या जुन्या खुणा

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. त्याने ओल्ड ट्रॅफर्ड या फुटबॉलच्या मैदानातल्या एका जुन्या बोगद्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, १९१० सालचं इथं एवढंच उरलंय.’ एवढ्या मोठ्या मैदानात मूळचे खरोखर इतकेच शिल्लक आहे का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या भाच्याने लिहिले ते खरे आहे. ग्लासगोचे स्थापत्यकार आर्चिबाल्ड लीच यांनी आराखडा केलेले हे मैदान १९ फेब्रुवारी १९१० रोजी सुरू झाले आणि पहिल्याच सामन्यात यजमान मँचेस्टर युनायटेडला लिव्हरपूलकडून ४-३ अशी हार पत्करावी लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ११ मार्च १९४१ च्या रात्री, जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात मुख्य गॅलरी उद्ध्वस्त झाली आणि १९४९ पर्यंत युनायटेडला आपले घरचे सामने मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. त्यानंतरच्या काळात एकेक गॅलरी नव्याने बांधली गेली, छप्परे बदलली, उभे राहण्याच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या. या सगळ्यातून दक्षिणेकडच्या गॅलरीच्या मध्यभागी असलेला, खेळाडूंच्या येण्याजाण्याचा तो बोगदा तेवढा वाचला.

तो का वाचला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. वरची इमारत जळाली तरी खेळाडूंना मैदानात उतरायला वाट हवीच होती आणि ती वाट तयार होती. म्हणून १९९३ मध्ये नवा, मोठा बोगदा कोपऱ्यात होईपर्यंत खेळाडू तिथूनच ये-जा करत राहिले. वापरात असलेल्या वस्तूवर हातोडा सहसा शेवटी पडतो. वापर थांबल्यावरही या बोगद्याला एक काम मिळाले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे झालेल्या विमान अपघातात २३ जण मृत्युमुखी पडले, त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, २००८ मध्ये, या बोगद्याला म्युनिकचे नाव देण्यात आले. अपघातात गेलेली ती पोरे याच वाटेने मैदानात धावत गेली होती, हे ध्यानात घेऊन तो फोटो पुन्हा एकदा पाहावा. मार्च २०२५ मध्ये क्लबने शेजारीच एक लाख क्षमतेचे नवे मैदान बांधण्याचा मनोदय जाहीर केला आहे, त्यामुळे भाच्याला आणखी चार फोटो काढून ठेवायला अवश्य सांगावे.

प्रश्न : लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाबाहेरचा झेंड्याचा खांब एका जहाजाचा आहे, असे कट्ट्यावर एकाने सांगितले आणि आम्ही त्याला वेड्यात काढले. यात काही तथ्य आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तथ्य आहे आणि त्या मित्राला आपण चहा पाजायला हवा. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अभियंते इसंबार्ड ब्रुनेल यांचे अजस्र जहाज. १८५८ मध्ये ते पाण्यात उतरले तेव्हा जगात त्याच्याएवढे मोठे जहाज नव्हते. प्रवासी जहाज म्हणून ते चालले नाही, पण समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्याच्या कामी आले. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे १८७० मध्ये हेच जहाज मुंबईच्या बंदरात आले होते आणि मुंबई ते एडन ही तार त्यानेच टाकली. पुढे लिव्हरपूलजवळ मर्सी नदीच्या काठी ते मोडीत निघाले, तेव्हा त्याच्या डोलकाठीचा वरचा भाग नदीपार आणून ॲनफिल्डला उभा करण्यात आला. तो आजही कॉप या प्रसिद्ध गॅलरीच्या कोपऱ्याशी उभा आहे.

कॉप हे नावही आपल्याला परके नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप नावाच्या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली एक भीषण लढाई झाली आणि तिच्यात लिव्हरपूलच्या आसपासच्या लँकेशायर भागातले अनेक सैनिक कामी आले. जखमींना उचलून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. १९०६ मध्ये ॲनफिल्डला मातीचा उंच चढ करून प्रेक्षकांसाठी जागा बांधली, तेव्हा तिला त्या टेकडीचे नाव मिळाले. उभ्याने सामना पाहण्याची ती जुनी जागा १९९४ मध्ये पाडून तिथे खुर्च्यांची गॅलरी झाली. नाव मात्र राहिले आणि खांबही राहिला.

प्रश्न : मैदानच नाहीसे होऊन घरे झाली, तर काय उरते?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कधी कधी बरेच उरते. लंडनच्या हायबरी या आर्सेनल क्लबच्या जुन्या मैदानावर २००६ नंतर सदनिका झाल्या, तरी पूर्वेकडच्या गॅलरीचा १९३६ सालचा दर्शनी भाग वारसा म्हणून संरक्षित असल्याने तो जसाच्या तसा आहे आणि खेळपट्टीच्या जागी बाग आहे. मला मात्र मिडल्सब्रोचे एअरसम पार्क अधिक भावते. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने बलाढ्य इटलीला १-० असे हरवले ते याच मैदानावर. १९९५ मध्ये ते बंद होऊन तिथे वसाहत झाली. पाक दू-इक याने जिथून तो गोल मारला, त्या जागी आता बुटाच्या खिळ्यांचा ठसा ब्राँझमध्ये करून बसवला आहे. भोवती लोकांची घरे, अंगणे, आणि मध्येच हातभर जागेत एका गोलाची आठवण.

प्रश्न : आमच्या तालमीची जुनी इमारत पाडून नवी होणार आहे. समोरच्या दगडी पायरीवर बसून तालमीच्या चार पिढ्यांच्या फुटबॉल खेळाडूंनी बूट बांधले. पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. ठेकेदार ग्रॅनाइट बसवू म्हणतो आणि तरुण मंडळी ती काचेच्या पेटीत ठेवू म्हणतात. काय करावे?
– एका तालमीचे जुने कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर : आपण दोन्ही सूचना नाकाराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती पायरी पायरी म्हणूनच राहू द्यावी. नव्या दाराशी, खेळाडू बूट बांधायला बसतील अशाच ठिकाणी ती पुन्हा बसवून घ्यावी.

जागा बदलावी लागली तरी हरकत नाही. त्या जागेची रीत सोबत न्यावी. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात सान मामेस हे मैदान २०१३ मध्ये नव्याने बांधले गेले. जुन्या मैदानात पिचिची नावाच्या खेळाडूचा अर्धपुतळा होता आणि तिथे प्रथमच खेळायला येणाऱ्या संघाचा कप्तान त्याला फुले वाहत असे. पुतळा नव्या मैदानात आला आणि फुले वाहणेही थांबले नाही. तालमीतल्या मारुतीला नमस्कार करून मैदानात उतरणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडले, तेव्हा ते होते तसेच उभे करा, असा आग्रह याच कोल्हापूरकरांनी धरला होता.

माझ्या लहानपणी आम्ही ज्या मैदानावर खेळायचो, तिथले लाकडी गोलपोस्ट एका सुट्टीत काढून लोखंडी बसवले गेले. जुने खांब मी पुष्कळ वर्षांनी शोधायला गेलो, तेव्हा ते एका गोठ्याच्या छपराला लागून नंतर चुलीत गेल्याचे कळले. त्यांचा एकही फोटो कोणाकडे नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी एवढे करावे. पायरीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि काढताना शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे मधली झीज किती खोल आहे ते दिसेल. दगड उचलण्यापूर्वी त्याची बाहेरची बाजू कोणती, हे खडूने नव्हे तर रंगाने मागच्या अंगाला लिहून ठेवावे. आणि आपल्यातल्या सर्वांत वयस्कर खेळाडूला त्या पायरीवर बसवून तिथे कोण कोण बसत असे, ते त्यांच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. ठेकेदाराला तारीख त्यानंतर द्यावी.