सही करण्याआधी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा फोन आला होता. अमेरिकन फुटबॉल खेळण्यासाठी कॉलेजची ऑफर आल्याचं सांगताना रडत होती. आनंदाने की धास्तीने, ते मी विचारलं नाही. मुद्दाम मराठीत लिहितोय. तुला तिच्याकडूनच वाचून घ्यावं लागेल, म्हणजे तिच्याही कानावर पडेल.

व्हिडिओ पाहिला. पळतोस झकास. पण दोनदा चेंडू तुझ्या कमरेशी लोंबत होता. एक टोक पंजात, दुसरं काखेत आणि चेंडू बरगडीला घट्ट. गर्दीत शिरलास की दुसरा हातही त्यावर. कॉलेजातले बचावपटू तुला पाडता पाडता चेंडूवर बुक्का मारतात. रनिंग बॅक, म्हणजे तुझ्यासारखा चेंडू घेऊन पळणारा, कितीही पळो, चेंडू सांडला की बाकावर बसतो.

चेंडू हातात नसतानाचं काम मात्र कंटाळवाणं, आणि पहिल्या वर्षाची पोरं तिथेच अडकतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पाससाठी मागे सरकला आणि समोरच्यांचा शंभर किलोंचा लाइनबॅकर, म्हणजे बचावपटू, मधून घुसला, तर आडवं जायचं तूच. तो कुठून येणार, हे खेळी सुरू होण्याआधीच ओळखता आलं पाहिजे. टाळ्या कुणी वाजवणार नाही. कोच मात्र बघत असतो.

आता गुडघ्यांविषयी. (वहिनी, हे सगळं वाचा, गाळू नका.) 27 ऑक्टोबर 2012 ला मी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात, विल्यम्स-ब्राइस स्टेडियममध्ये होतो. साउथ कॅरोलायना विद्यापीठ विरुद्ध टेनेसी विद्यापीठ. साउथ कॅरोलायनाचा रनिंग बॅक मार्कस लॅटिमोर आमचा लाडका. पहिल्याच वर्षी चेंडू घेऊन 1,197 यार्ड पळाला आणि 17 टचडाउन, म्हणजे 17 वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार. 2011 मध्ये डावा गुडघा गेला, वर्षभरात परतला. त्या दिवशी उजवा गेला. पाय ज्या बाजूला वळला, ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. एवढं मोठं स्टेडियम चिडीचूप, आणि दोन्ही संघांची पोरं त्याच्याभोवती जमलेली. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. 2013 ला एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या फोर्टी-नाइनर्स संघाने खेळाडू निवडीच्या चौथ्या फेरीत त्याला घेतलं, पण एकही सामना न खेळता नोव्हेंबर 2014 मध्ये त्याने खेळ सोडला.

शाळा सुटल्यावर तीन वर्षं एनएफएलचं दार बंद असतं. म्हणजे तेवढा मार तू कॉलेजातच खाणार. जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. आकडा किती, हे सगळेच विचारतात. तू हे विचार: दुखापत झाली तर शिष्यवृत्ती टिकते का, किती वर्षं? कॉलेज संपल्यावर ऑपरेशन करावं लागलं तर खर्च कुणाचा? तोंडी उत्तर घेऊ नकोस.

सही करण्याआधी कागदांचे फोटो मला पाठव. सगळी पानं, मागची बाजूसुद्धा.

तुझा,
काका