‘नादी लागली’ की ‘नादी लावलं’?

सेलूच्या एक ताई कॉलेजातल्या मुलींना सॅम्युअल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ मराठीतून सांगणार आहेत. ही इंग्रजी कादंबरी १७४७-४८ साली प्रसिद्ध झाली आणि ती सगळी पत्रांतून उलगडते. त्यांनी लिहिलेलं वाक्य असं: ‘रंगेल लव्हलेसच्या नादी लागून शीलवती क्लॅरिसाने शील गमावले आणि तिचा नाश झाला.’ त्यांना ‘रंगेल’ खटकतो आहे, दुसरा शब्द हवा आहे.

ताई, ‘रंगेल’ खटकणारच. त्या शब्दात माणसाचा शौक दिसतो, त्या शौकापायी कोण भरडलं गेलं ते दिसत नाही. आपल्याकडे ‘रंगेल गडी’ म्हणताना आवाजात थोडं कौतुकही असतं. ‘लंपट’मध्ये हाव आहे, पण मोहिनी नाही, आणि लव्हलेस तर बोलण्यात आणि पत्रं लिहिण्यात पटाईत. ‘बाहेरख्याली’ म्हटलं की घरी बायको आहे असं वाटतं, हा अविवाहित. मी ‘छंदीफंदी’ घेईन. छंद त्याचा स्वतःचा, आणि फंद दुसऱ्याला अडकवायचा.

पण माझा खरा आक्षेप क्रियापदांवर आहे. लागणे, गमावणे, नाश होणे: तिन्हींचा कर्ता तो नाही. आपल्याकडं परभणी-हिंगोलीच्या गावांत असं काही घडलं की पहिलं वाक्य हेच येतं, ‘पोरगी त्याच्या नादी लागली.’ ‘त्यानं नादी लावलं’ हे कुणी म्हणालंच तर मागाहून. मराठीत एका अक्षराचा फरक: लागणे-लावणे, फसणे-फसवणे, भुलणे-भुलवणे. तेवढ्या फरकाने दोष एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो.

इथं मला पैठणच्या नाथांची आठवण होते. त्यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेलं एकनाथी भागवत भागवताच्या अकराव्या स्कंधावर आहे. त्यात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतलं एक हरीण, पारध्याच्या गाण्याला भुलून जाळ्यात सापडलेलं. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेड, हे दोन्ही अर्थ त्या चित्रात मला एकदम दिसतात. अवधूत संन्याशाला सावध करतो आहे, म्हणून त्याचं लक्ष हरणावर असणं रास्तच. पण गोष्ट सांगताना आपण पारध्याला रानातच सोडून येऊ नये.

क्लॅरिसाच्या घरचे तिला नकोशा वाटणाऱ्या पैसेवाल्याशी तिचं लग्न लावू पाहतात. लव्हलेस सुटकेची वाट दाखवतो, कपटाने तिला घराबाहेर काढतो, लंडनमध्ये कुंटणखान्यात ठेवतो आणि शेवटी गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. याला ‘नादी लागणे’ म्हणायचं? आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘फूस लावून’ किंवा ‘लग्नाचे आमिष दाखवून’ याहून प्रामाणिक आहे. आमिष म्हणजे मुळात मांस, गळाला लावलेलं. गळ म्हटला की तो टाकणारा आलाच.

राहिलं ‘शील गमावले’. हे मात्र तुम्ही काढूनच टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शील म्हणजे स्वभाव, आचरण. पुरुषाला ‘शीलवान’ म्हणतो तेव्हा आपण त्याचं चारित्र्य पाहतो; बाईच्या बाबतीत मात्र तो शब्द आपण तिच्या देहापुरता आवळून टाकला. मराठवाड्यातल्या गावोगावच्या बुद्धविहारांत रोज पंचशील म्हटलं जातं. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून मी दूर राहीन, अशी ती प्रत्येकाने स्वतःहून घेतलेली शपथ. असं शील ज्याचं त्याने पाळायचं किंवा मोडायचं. दुसऱ्याला ते लुटता येत नाही. त्या अर्थाने स्वतःचं शील मोडलं ते लव्हलेसनं. पुढं तो लग्नाला तयार होतो, तरी ती मरेपर्यंत त्याला होकार देत नाही. तिचं शील ते हेच.

म्हणून मी असं लिहीन: ‘गोडबोल्या, छंदीफंदी लव्हलेसने क्लॅरिसाला कपटाने घराबाहेर काढले, तिच्यावर बलात्कार केला, तिच्या आयुष्याचे वाटोळे केले, पण तिचे शील त्याला मोडता आले नाही.’ ‘वाटोळे’ मुद्दाम ठेवला आहे. सेलूच्या मुलींना तो समजावून सांगावा लागणार नाही. फक्त ‘झाले’ लिहू नका, ‘केले’च लिहा.