दोन चित्रं ताडून पाहण्याआधी

उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल घटलं का, हे पाहायचंय ना? मग दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली घ्या. पानगळीतलं चित्र ऐन हिरवाईतल्या चित्राशी ताडलंत, तर अख्खं रान तुटल्यासारखं दिसेल. जुना इतिहास हवा तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं घ्या. १९७२ पासूनचा साठा फुकट आहे. ढगांच्या सावल्याही मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा, नाहीतर नवशिक्यांना हमखास नवी तळी सापडतात!

खरी मेख सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत आहे. २५ जानेवारी २०२२ पासून त्यांच्या पिक्सेलच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, काढलात, तर झाडं जशीच्या तशी असूनही निर्देशांक घसरलेला दिसतो. काही ठिकाणी ही दुरुस्ती आधीच केलेली मिळते. डेटासोबतची माहिती वाचूनच वजाबाकी करा.