अतिसूक्ष्म पडदा नेमका कोणाच्या कामाचा?

प्रश्न : घरातील जुना टीव्ही बदलून ६५ इंची घ्यावयाचा आहे. दुकानात शेजारीशेजारी लावलेल्या ४के आणि ८के संचांतील फरक मला स्पष्ट दिसला. किमतीतला तर त्याहून स्पष्ट दिसला. आमचा सोफा टीव्हीपासून १० फुटांवर आहे. ८के घ्यावा काय? आणि घरी त्याचा उपयोग नसेल, तर इतके बारीक पडदे बनवतात तरी कशासाठी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्याला दिसलेला फरक खरा आहे, परंतु तो दुकानातला आहे. सर्वसाधारण निरोगी नजरेला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके जेमतेम वेगळे ओळखता येतात. दोन फुटांवर हे अंतर सुमारे ०.१८ मिलीमीटर भरते, तर १० फुटांवर ०.९ मिलीमीटर. ६५ इंची पडद्यावरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, फुल एचडीमध्ये (आडवे १,९२० ठिपके) ०.७५, ४के मध्ये (आडवे ३,८४०) ०.३७ आणि ८के मध्ये (आडवे ७,६८०) ०.१९ मिलीमीटर रुंद असतो. दुकानात आपण पडद्याला नाक लावून उभे राहतो, म्हणून ८के उजवा वाटतो. सोफ्यावरून मात्र फुल एचडीचे ठिपकेसुद्धा एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय दाखवायला ८के चित्रण हवे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ पासून ८के वाहिनी सुरू केली, पण आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १९२० × १०८० वरच आहेत. तेव्हा ४के घ्यावा आणि उरलेले पैसे बऱ्या स्पीकरवर खर्च करावेत.

बारीक पडद्याची खरी गरज डोळा जेथे जवळ जातो तेथे असते. वागळे इस्टेटमधील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम मी जवळून पाहिले आहे. जुन्या मॉनिटरवर बारीक टायपात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातली गाठ पुसली जाई, रफार अनुस्वारासारखा दिसे, आणि ‘भरणा’चा ‘मरणा’ झालेला कागदावर छापून आल्यावरच लक्षात येई. रोमन लिपीपेक्षा आपल्या जोडाक्षरांना ठिपके अधिक लागतात, हे पडदे विकणाऱ्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. ए४ आकाराचे पान छपाईच्या ३०० ठिपके प्रति इंच या मापाने दाखवायचे, तर सुमारे ८७ लाख पिक्सेल हवेत, आणि ४के पडद्यावर ८३ लाख असतात.

नकाशांची भूक याहून मोठी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा पत्रक-नकाशा आपल्या अक्षांशावर साधारण अर्ध्या मीटरहून थोडा अधिक लांब-रुंद असतो. खाडीकाठची प्रत्येक समोच्चरेषा आणि गावाचे नाव छपाईइतके स्वच्छ ठेवून तो अखंड पाहायचा, तर सुमारे ४ कोटी पिक्सेल लागतात, येथे ३.३ कोटींचा ८के देखील तोकडा पडतो. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत चुन्याचे सूक्ष्म कण शोधावे लागतात, म्हणून तेथे ५० लाखांहून अधिक पिक्सेलचे खास मॉनिटर फार पूर्वीपासून रूढ आहेत. आभासी वास्तवाच्या चष्म्यात तर पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि भिंगामुळे तो जवळजवळ १०० अंशांवर ताणला जातो; प्रत्येक अंशाला ६० पिक्सेल धरले, तर एकेका डोळ्यासाठी आडवे ६,००० हवेत.

प्रश्न : घरून डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करण्यासाठी २७ इंची ४के मॉनिटर घेतला. जुन्याच केबलने जोडल्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि माऊस अडखळत चालतो. मॉनिटर सदोष आहे काय?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : बहुधा नाही. संगणक मॉनिटरला जोडणाऱ्या जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, म्हणून माऊस अडखळल्यासारखा वाटतो. संगणक आणि मॉनिटर दोन्हींकडे एचडीएमआय २.० अथवा डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची जोडणी असल्यास त्यास साजेशी केबल आणून सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, निवडावे. संगणकाचे पोर्टच जुने असेल, तर केबल बदलून उपयोग नाही. अक्षरे मोठी करण्यासाठी रिझोल्यूशन (पडद्यावरील पिक्सेलची संख्या) मात्र उतरवू नये. तसे केल्यास पैसे मोजून घेतलेली सूक्ष्मता वाया जाते. त्याऐवजी स्केलिंग, म्हणजे अक्षरे-चिन्हे मोठी दाखवण्याचे प्रमाण, १५० टक्के ठेवावे. अक्षर मोठे होईल आणि त्याची गाठही शाबूत राहील.