ज्यू धर्मात मूर्ती निषिद्ध, मग ज्यू परंपरा चित्रकारांच्या कामात येते कुठून?

'मूर्ती निषिद्ध' वाचलं आणि राहवलं नाही. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा मूर्ती करून तिच्या पाया पडू नका म्हणते. लोक त्यातलं पाया पडणं विसरतात आणि चित्रंच बाद करून टाकतात.

मार्क शागाल या ज्यू चित्रकाराने जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी, इस्राएलच्या १२ वंशांच्या १२ काचेच्या खिडक्या केल्या (१९६२). त्यांत पक्षी, मासे, जनावरं. अख्खा माणूस एकही नाही. आणि याच शागालने १९३८ साली क्रुसावरच्या येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल गुंडाळली होती! त्याच्या चित्रात झोळीवाला म्हातारा व्हिटेब्स्कच्या, म्हणजे शागालच्या गावच्या, घरांवरून तरंगत जातो. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, दारोदार मागत फिरणाऱ्याला 'घरांवरून जातो' असंच म्हणतात. परंपरा येते ती अशी, बोलण्यातून.

आता माझं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे. तेल गाळायचा धंदा, पण शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. चित्रकला शिकताना शेवटच्या वर्षी मी मलिद्याचं ताट रंगवलं: गूळ-खोबऱ्यातले भिजवलेले पोहे, वर वेलची, कडेने पाच फळं, खजूर, सब्जाची काडी, गुलाब. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने घरोघरी होतो तो मलिदा. ओल्या पोह्यांचा तो मळकट पांढरा रंग जमायला मला तीन आठवडे लागले.

सर म्हणाले, "हा तर सत्यनारायणाचा प्रसाद. यात ज्यू काय आहे?" आणि सात फाट्यांची मेनोरा, म्हणजे ज्यूंची दिव्यांची समई, घालायला सांगितली. मार्क हवे होते. घातली.

प्रदर्शनाला आत्या आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "मलिद्यात ही समई कुणी आणून ठेवली रे?"

वीस वर्षं झाली, सरांना द्यायचं उत्तर मी अजून घोळवतोय. सर, आमच्याकडे अब्राहम आणि मोशेची चरित्रं मराठी कीर्तनात गायली गेली, पेटीवर. ते कमी ज्यू होतं का? मुंबईत जन्मलेली, जे.जे.मध्ये शिकलेली आमची सिओना बेंजामिन लघुचित्रांच्या शैलीत निळ्या अंगाच्या बायका रंगवते. तिलाही मेनोराच घालायला सांगणार होतात का?

तेव्हा तुम्ही स्वतः चित्रं काढत असाल, तर मेनोरा, सहा टोकांचा तारा वगैरे सोडा. आजीच्या ताटात काय असायचं ते आठवा. कुणी 'यात ज्यू काय?' विचारलं तर गप्प बसू नका, मी बसलो होतो.

हे सगळं आमच्यापुरतं, हां. बगदादी आणि कोचीनच्या ज्यूंच्या चालीरीती निराळ्या. आणि काहींनी मेनोराही फार सुंदर रंगवली आहे, ते नाकारत नाही.

ते चित्र आता आत्याकडे आहे. मेनोरेवर मी नंतर पोह्यांचाच रंग फिरवला. दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आलं की तिचे सात फाटे खालून दिसतात.